गाडीची किल्ली फोनात असावी की कनवटीला?

मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा सासूबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. कपाटाची, कोठीच्या खोलीची, माडीवरच्या कुलपाची आणि तिजोरीची किल्ली. त्यांच्या चालण्याचा आवाज आधी किल्ल्यांचा आणि मग पावलांचा. जुडगा ज्या दिवशी त्यांनी माझ्या हाती दिला, त्या दिवशी मी खऱ्या अर्थाने त्या घरची झाले असं मला वाटलं होतं.

आज आमच्या घरात सगळ्यांत महाग वस्तू कुठली म्हणाल तर खाली तळघरात उभी असलेली विजेची मोटार. आणि तिची किल्ली? ती म्हणे माझ्या फोनात! घेतली तेव्हा दुकानातला मुलगा हसत म्हणाला, "मॅडम, आता किल्ली शोधायची कटकटच नाही. पर्समध्ये फोन असला की दार आपोआप उघडेल." आणि खरंच सात महिने उघडत होतं. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असल्या तरी गाडीजवळ गेलं की दार "या" म्हणायचं. मला तर किती कौतुक!

आणि मग ती रात्र आली.

रात्री साडेबाराची गोष्ट

आम्ही सांगलीला राहतो. त्या दिवशी हे महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला निघाले होते. ऑफिसातल्या मित्राने स्टेशनवर सोडलं, म्हणून गाडी घरीच होती. रात्री साडेबाराला सासूबाईंनी हाक मारली. छातीवर दडपण, घाम, श्वास लागलेला. मी मुलाला उठवलं, त्यांना दोघांनी धरून लिफ्टने खाली आणलं आणि गाडीपाशी उभी राहिले.

दार उघडेना.

फोन काढून बघते तर गाडीचं अॅप म्हणतंय, पुन्हा लॉग इन करा. तळघरात रेंज नाही. मुलाला आईपाशी ठेवून मी धावत वर फाटकापाशी गेले. तिथे रेंज आली, पण ओटीपी कुठे जाणार? गाडी ज्यांच्या नावावर, त्यांच्या मोबाइलवर! आणि ते तर गाडीच्या बर्थवर, फोन मुका करून गाढ झोपलेले. सहा वेळा फोन केला. उचलला नाही.

फॉब, म्हणजे बटणांची ती छोटी किल्ली? ती सवयीप्रमाणे ह्यांच्या ऑफिसच्या बॅगेत, म्हणजे तीही मुंबईच्या वाटेवर. दुसरी फॉब? ती मीच "जपून" ठेवली होती. कुठे? बँकेच्या लॉकरमध्ये, पाटल्यांच्या शेजारी!

शेवटी समोरच्या ब्लॉकमधल्या काकांचं दार वाजवलं. ते लेंग्यावरच बाहेर आले. त्यांची जुनी पेट्रोलची गाडी, साधी किल्ली, घातली आणि फिरवली. आम्ही दवाखान्यात पोचलो, पण मधली पंचवीस मिनिटं गेली होती. सासूबाईंचं दैव बलवत्तर. रक्तदाब चढला होता, हृदयाचं काही निघालं नाही. रात्रभर ठेवून सकाळी सोडलं. पण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, खरंच हृदयाचं असतं तर ही पंचवीस मिनिटं फार महागात पडली असती."

दुसऱ्या दिवशी कारण समजलं. संध्याकाळी आमच्या चिरंजीवांनी माझा फोन "साफ" करून दिला होता. जागा भरली म्हणून नको ते सगळं पुसलं, त्यात अॅपमधली साठवलेली माहितीही गेली. अॅप मला विसरलं, आणि अॅप विसरलं म्हणजे गाडीही विसरली. चूक कुणाची म्हणावी? मुलाची, माझी की ह्यांची? मी ठरवलं, चूक कुणाचीही असो, हे किल्लीचं प्रकरण मुळापासून समजून घ्यायचं. पुढचे पंधरा दिवस मी गाडीचं माहितीपुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मेकॅनिकला प्रश्न विचारून भंडावलं, भाच्याला कामाला लावलं. जे कळलं ते तुम्हांला सांगते.

फॉब म्हणजे नेमकं काय?

फॉब दिसायला खेळण्यासारखी, पण आत तिचं एक छोटं जग आहे. बटण दाबलं की ती रेडिओच्या लहरींवर गाडीला गुप्त संकेत पाठवते. बिनबटणाच्या पद्धतीत आपण दाराच्या मुठीला हात लावला की गाडी हलक्या आवाजात विचारते, "कोण आहे?" आणि खिशातली फॉब उत्तर देते, "मी आहे." गाडीचा आवाज मुद्दामच दोन-चार हातांपलीकडे जाणार नाही इतका हलका ठेवलेला असतो. ह्या सगळ्यात ना इंटरनेट लागत, ना ओटीपी, ना कुणाचा पासवर्ड.

तिला लागतो तो फक्त एक सेल. गोल, चपटा, घड्याळाच्या सेलचा थोरला भाऊ. बऱ्याच फॉबमध्ये सीआर २०३२ नावाचा सेल असतो. तो तीन व्होल्टचा असतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. साधारण एक-दोन वर्षं चालतो. संपण्याआधी बहुतेक गाड्या पडद्यावर तशी सूचना देतात, पण आपण ती दुधाच्या बिलासारखी "उद्या बघू" म्हणून सोडून देतो.

आणि सेल अगदी संपलाच तरी फॉब मरत नाही, हे मला नव्यानेच कळलं. बहुतेक फॉबच्या पोटात एक बारीक धातूची किल्ली लपवलेली असते. बाजूची कळ दाबून ती ओढून काढायची. तिच्यासाठी ड्रायव्हरच्या दाराला भोक असतं, कधी मुठीच्या टोपणाखाली झाकलेलं. आत बसल्यावर फॉब गाडीने नेमून दिलेल्या जागी टेकवली की सेलशिवायही गाडी तिला ओळखते, कारण तेवढ्यापुरती शक्ती गाडीच तिला पुरवते. ती जागा प्रत्येक गाडीत वेगळी. कुठे स्टार्टचं बटण, कुठे कपाचा खळगा. आपल्या गाडीची कुठली, हे आजच पुस्तकात बघून ठेवा.

फोनची किल्ली एक नव्हे, चार!

इथे खरी मेख आहे. "फोनने गाडी उघडते" असं आपण सरसकट म्हणतो, पण उघडण्याच्या तऱ्हा चार आणि चौघींचे स्वभाव निराळे.

पहिली तऱ्हा इंटरनेटची. अॅपमधलं "उघड" हे बटण दाबलं की निरोप फोनवरून कंपनीच्या मोठ्या संगणकाकडे जातो आणि तिथून तुमच्या गाडीकडे येतो. म्हणजे शेजारणीला हाक मारायची तर आधी मुंबईला तार करायची, आणि मुंबईहून शेजारणीला तार येणार! तुमच्या फोनला रेंज हवी, गाडीला रेंज हवी आणि कंपनीचा संगणक जागा हवा. तिघांतला एक रुसला की दार बंद.

दुसरी ब्लूटूथची. फोन आणि गाडी एकमेकांशी थेट बोलतात. रेंज नसली तरी चालतं. मात्र ब्लूटूथ चालू हवं आणि अॅप पाठीमागे जागं हवं. आजकालचे फोन बॅटरी वाचवायला असली अॅपं गुपचूप झोपवतात. शिवाय फोन पर्सच्या तळाशी, त्यावर स्टीलचा डबा, त्यावर पाण्याची बाटली, असं झालं की आवाज क्षीण होतो आणि गाडी म्हणते, "ऐकू येत नाही."

तिसरी एनएफसीची. फोन, घड्याळ किंवा पत्त्याएवढं कार्ड दाराच्या नेमक्या जागी टेकवायचं. अगदी एक-दोन बोटांच्या अंतरावर. रोजच्या वापराला थोडी कटकटीची, पण फसवायला कठीण. ह्यातलं कार्ड तर फारच गुणी. त्याला सेल नाही, चार्जिंग नाही, लॉग इन नाही. काही आयफोन चार्जिंग संपून बंद पडल्यावरही सुमारे पाच तासांपर्यंत अशी किल्ली म्हणून चालू शकतात. पण ही सोय सगळ्या फोनांत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका.

चौथी आणि सगळ्यांत नवी, अल्ट्रा वाइडबँडची. ब्लूटूथ आवाजाच्या मोठेपणावरून अंतराचा अंदाज बांधतं. ही तऱ्हा लहरीला जायला-यायला किती वेळ लागला ते मोजते, आणि म्हणून अंतर जवळजवळ अचूक ओळखते. बीएमडब्ल्यूने २०२१ साली आपल्या आयएक्स ह्या विजेच्या गाडीसाठी अशी किल्ली जाहीर केली. त्याच वर्षी मोटार आणि फोन कंपन्यांच्या संयुक्त संस्थेने तिची सामाईक नियमावलीही काढली.

आपल्याकडेही हे लोण आलंच आहे. २०२३ साली आलेल्या एमजीच्या छोट्या कॉमेटमध्ये फोनची किल्ली दुसऱ्याला वाटून देता येते. २०२५च्या जानेवारीत आलेल्या ह्युंदाईच्या क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये फोन किंवा घड्याळ दाराला टेकवून गाडी उघडता येते. आणि ज्या टेस्लाने २०१७ साली मॉडेल थ्री गाडीबरोबर फॉब द्यायचीच बंद करून फोन आणि कार्ड एवढ्यावर भागवलं, तिचं पहिलं भारतीय दालन २०२५च्या जुलैत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं. तेव्हा आज ना उद्या हा प्रश्न तुमच्याही दारात उभा राहणार.

परदेशातल्या दोन गोष्टी

आपल्याच घरी असं घडलं असं वाटून मी खट्टू झाले होते. पण चौकशी करते तर काय, शहाण्यासुरत्या देशांतही हेच!

२०१७च्या जानेवारीत अमेरिकेत लास वेगासजवळ एक जोडपं आपली दोन कुत्री घेऊन फिरायला निघालं. नवऱ्याने फॉब घरीच ठेवली आणि टेस्ला फोनने उघडून, फोननेच चालू करून डोंगराकडे नेली. वाटेत जरा खाली उतरला आणि परत गाडी चालू करायला गेला, तर तिथे रेंज नाही! त्याची ती फोनची किल्ली इंटरनेटच्या तऱ्हेची होती. मग काय झालं असेल? बायको सुमारे दोन मैल पळत गेली, जिथे रेंज मिळाली तिथून ओळखीच्यांना फोन केला आणि घरून किल्ली आणवली. किल्ली विसरले नवरोजी आणि धावली कोण, हे तुमच्या लक्षात आलंच असेल!

दुसरी गोष्ट १९ नोव्हेंबर २०२१ची. त्या दिवशी टेस्लाचा मोठा संगणकच काही तास आजारी पडला. निरनिराळ्या देशांतले कितीतरी गाडीवाले हातात महागडे फोन घेऊन आपल्याच गाडीबाहेर उभे राहिले. ज्यांच्या पाकिटात ते साधं कार्ड होतं, ते मात्र दार उघडून घरी गेले.

ह्या दोन्ही गोष्टींतलं मर्म एकच. फोन बिघडला नव्हता आणि गाडीही बिघडली नव्हती. दोघांच्या मधली साखळी तुटली होती. साखळीत कड्या जितक्या जास्त, तितकी ती तुटायची ठिकाणंही जास्त. फॉबच्या साखळीत एक सेल आहे. फोनच्या साखळीत फोनचं चार्जिंग आहे, ब्लूटूथ आहे, अॅप आहे, परवानग्या आहेत, लॉग इन आहे, आणि फोन साफ करणारे चिरंजीवही आहेत!

मग फॉब म्हणजे अगदी निर्धोक का?

नाही हो. फॉबचीही लबाडी आहे, आणि ती चोरांना आपल्या आधी कळली.

गाडी "कोण आहे?" विचारते आणि फॉब उत्तर देते, हे आपण पाहिलं. दोघे चोर येतात. एक गाडीपाशी, दुसरा तुमच्या दाराबाहेर एक यंत्र घेऊन. गाडीची हलकी हाक पहिला पकडतो आणि मोठी करून दुसऱ्याकडे पोचवतो. आत खुंटीवर टांगलेली तुमची फॉब बिचारी प्रामाणिकपणे उत्तर देते. गाडीला वाटतं मालकीण जवळ आली, आणि दार उघडतं. कुलूप फुटत नाही, काच फुटत नाही. जर्मनीतली आडाक ही मोटारवाल्यांची मोठी संघटना २०१६पासून निरनिराळ्या गाड्यांची ह्याबाबत परीक्षा घेत आली आहे, आणि शेकडो गाड्या तिच्यात नापास झाल्या आहेत. २०१८ साली बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी तर टेस्ला मॉडेल एसच्या फॉबची हुबेहूब नक्कल काही सेकंदांत करून दाखवली. कंपनीने मग ती फॉब सुधारली.

फोनवाल्यांनी ह्यावर हसू नये. २०२२च्या मे महिन्यात एनसीसी ग्रूप ह्या ब्रिटिश कंपनीच्या संशोधकाने हीच दोन चोरांची युक्ती ब्लूटूथवर वापरून टेस्ला मॉडेल थ्री उघडून आणि चालू करून दाखवली. म्हणजे चोराच्या बाबतीत साधी फॉब आणि ब्लूटूथ दोघी सारख्याच भोळ्या. टेकवायची किल्ली आणि नवी अल्ट्रा वाइडबँड त्या मानाने शहाण्या.

उपाय मात्र आपल्या स्वयंपाकघरातला आहे. फॉब घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायची. धातूच्या भिंतीतून लहरी सहज जात नाहीत. पण डबा कामाचा की नाही, ह्याची परीक्षा घ्यायची बरं का! फॉब डब्यात घालून, झाकण लावून डबा हातात घ्या आणि गाडीच्या दारापाशी जा. फोनचं ब्लूटूथ तेवढ्यापुरतं बंद करा. दार उघडलं तर डबा नापास, दुसरा घ्या. आमच्याकडे पोह्यांचा डबा नापास झाला आणि लाडवांचा जुना डबा पास झाला. ज्या गाड्यांत चालू करताना चार आकडी पिन मागायची सोय असते, त्यांत ती जरूर लावून घ्या. मग दार उघडलं तरी गाडी जागची हलत नाही.

छोटी बॅटरी आणि आतलं मूल

आता सांगते ते सगळ्यांत महत्त्वाचं, कारण इथे फोन आणि फॉब दोघीही हरतात.

विजेच्या गाडीत पोटाखाली भलीमोठी बॅटरी असतेच, पण तिच्याखेरीज बारा व्होल्टची एक छोटी बॅटरीही असते. दाराची कुलपं, दिवे, पडदा, गाडीचा मेंदू हे सगळं तिच्यावर चालतं. गाडी उभी असताना मोठी बॅटरी सुरक्षिततेसाठी अलग केलेली असते. त्यामुळे मोठी बॅटरी नव्वद टक्के भरलेली असूनही छोटी मेली तर दार उघडत नाही.

२०२४च्या जूनमध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात एका आजीने आपल्या वीस महिन्यांच्या नातीला टेस्ला मॉडेल वायमध्ये बसवलं, दार लावलं आणि वळसा घालून आपल्या बाजूला गेली. तेवढ्यात छोटी बॅटरी संपली. फोन चालेना, कार्ड चालेना. बाहेर ॲरिझोनातला जूनमधला उन्हाळा. अग्निशमन दलाने कुऱ्हाडीने काच फोडून मुलीला सुखरूप काढलं. पुढे २०२५च्या सप्टेंबरात तिथल्या सरकारी रस्ता सुरक्षा खात्याने २०२१ सालच्या सुमारे १ लाख ७४ हजार मॉडेल वाय गाड्यांच्या दारांच्या मुठींची चौकशी सुरू केली.

आपल्याकडचा एप्रिल-मे काय कमी असतो? उन्हात बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांच्या आसपास चढतं, आणि लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं. म्हणून मूल आत आणि दार बंद, अशी वेळ आलीच तर दुकानाला फोन करत बसू नका. ११२ला फोन करा, आणि मूल कोमेजू लागलं तर मुलापासून सगळ्यांत दूरची बाजूची काच फोडा. काच हजारांत येते. मूल कशात येत नाही.

आणि आजच दोन गोष्टी बघून ठेवा. एक, तुमच्या गाडीला धातूची किल्ली आणि भोक आहे का? नसेल तर छोटी बॅटरी गेल्यावर बाहेरून दार कसं उघडायचं? दोन, वीज गेली तर आतून दार उघडायची हाताने ओढायची कळ कुठे आहे? पुढच्या दारांना ती सहज सापडते, मागच्या दारांना कधीकधी कप्प्यात लपवलेली असते. ती मुलांनाही दाखवा, जशी आपण त्यांना गॅसची कळ दाखवतो.

किल्लीची खरी मालकीण कोण?

एवढं सगळं समजल्यावरही माझ्या मनात एक सल राहिला होता. त्या रात्री माझ्या हातात फोन होता, फोनात किल्ली होती, पण तिची मालकीण मी नव्हतेच!

फोनच्या किल्लीत एक मुख्य खातं असतं. गाडी घेताना ज्याचा नंबर दिला, त्याचं. बाकीच्यांना त्या खात्यातून किल्ली "वाटून" दिली जाते. मुख्य खातेदार ती केव्हाही काढून घेऊ शकतो. कित्येक गाड्यांत तो घरबसल्या बघू शकतो, गाडी आत्ता कुठे उभी आहे. चांगल्या घरात ह्याचा त्रास नाही; उलट उशीर झाला तर घरच्यांना काळजी कमी. पण सगळीच घरं सारखी नसतात. नवऱ्याशी पटेनासं झालेल्या बायकांवर गाडीच्या अॅपमधून पाळत ठेवली गेल्याची उदाहरणं अमेरिकेत पुढे आली आहेत. आपल्या किल्लीचा दोर कुणाच्या हातात आहे, हे बाईला माहीत असायलाच हवं.

मी ह्यांना भांडून विचारलं नाही. रविवारी चहाच्या वेळी विचारलं, "अहो, गाडी रोज कोण चालवतं?"

"तूच की."

"मग ओटीपी तुमच्याकडे का येतो?"

हे थोडा वेळ गप्प बसले. त्या रात्रीचे सहा मिस्ड कॉल अजून त्यांच्या फोनात होते. मग म्हणाले, "माझ्या डोक्यातच आलं नाही गं. घेताना त्याने नंबर विचारला, मी माझा सांगून टाकला." सोमवारी आम्ही दोघं दुकानात जाऊन मुख्य खातं माझ्या नंबरवर करून आलो. वाटून दिलेली किल्ली आता ह्यांच्याकडे आहे!

तर मग निकाल काय?

रोजच्या रामरगाड्याला फोन छान. हात मोकळे राहतात, मुलाला गाडी द्यायची तर गावातून गावात किल्ली पाठवता येते, हरवली तर रद्द करता येते. हे फॉबला जमत नाही. पण अडीनडीला, अपरात्री, घाटात, तळघरात भरवशाची ती फॉबच, आणि तिच्या खालोखाल कार्ड. तेव्हा एक काढून दुसरी ठेवायची असं नाही. लग्नघरात जसा हौसेचा आचारी असला तरी एक जुनी जाणती बाई आत लागतेच, तसं दोन्ही हवं. आमच्या घरी आता हे नियम आहेत, तुम्हीही करून बघा :

• एक फॉब नेहमी घरात. बाहेरगावी जाणाऱ्याने ती बॅगेतून काढून ठेवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

• दुसरी फॉब लॉकरमध्ये नको, पण हरवूही नये. चोरीच्या दाव्यात विमा कंपन्या सहसा दोन्ही मूळ किल्ल्या मागतात.

• फॉबचा सेल दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत बदलायचा. एक जास्तीचा सेल सुईदोऱ्याच्या डब्यात. लहान मुलांच्या हाती मात्र लागू द्यायचा नाही, गिळला तर जिवावर बेतते.

• कार्ड असेल तर ते पर्समध्ये, पण फोनच्या कव्हरात नको. फोन हरवला तर दोन्ही एकदम जातील.

• फोनमध्ये गाडीच्या अॅपला बॅटरी बचतीतून वगळायचं, ब्लूटूथची आणि लोकेशनची परवानगी कायम ठेवायची. फोन साफ केला, नवा घेतला किंवा अपडेट झाला की त्याच दिवशी खाली जाऊन दार उघडून बघायचं.

• महिन्यातून एकदा फोनचं इंटरनेट बंद करून गाडी उघडते का ते पाहायचं. नाही उघडली, तर आपली किल्ली "मुंबईच्या तारे"ची आहे असं समजायचं आणि फॉबशिवाय गाव सोडायचं नाही.

• जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाच्या सगळ्या फोनकिल्ल्या काढून टाकल्या का, हे समक्ष बघायचं.

• घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सेल संपलेल्या फॉबने गाडी उघडता आणि चालू करता आली पाहिजे. एकदा सगळ्यांची परीक्षा घ्या. आमच्याकडे पहिल्या वेळी हे नापास झाले.

सासूबाई आता ठणठणीत आहेत. बँकेतून मी फॉब आणली त्या दिवशी त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. म्हणाल्या, "एवढीशी ही? हिच्यापायी त्या रात्री आपली एवढी धावपळ?" मग उठून देवघराच्या खणातून त्यांनी आपला जुना जुडगा काढला. त्यातल्या निम्म्या कुलपांची घरं आता राहिलेली नाहीत. त्यांनी फॉब त्या कडीत ओवली, डब्यात घातली आणि डबा दाराजवळच्या फळीवर ठेवून मला म्हणाल्या, "इथे असेल हं, सूनबाई. अंधारातसुद्धा हाताला लागेल."